यो ला टेंगोचा 'धिस स्टुपिड वर्ल्ड': चाळिशीला टेकलेल्या बँडचा अल्बम इतका ताजा का वाटतो?

एरंडवण्याचा श्रोता यांचा प्रश्न

'यो ला टेंगो' या अमेरिकी इंडी रॉक (मोठ्या संगीत कंपन्यांबाहेर, स्वतंत्रपणे चालणाऱ्या रॉक) बँडचा 'धिस स्टुपिड वर्ल्ड' हा अल्बम १० फेब्रुवारी २०२३ रोजी मॅटाडोर या ध्वनिमुद्रिका कंपनीने प्रकाशित केला. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून मी हा बँड ऐकत आलो आहे आणि त्यांचे बहुतेक सर्व अल्बम माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. तरीही या अल्बमने मला जे दिले त्याचा पुरता उलगडा मला एकट्याला होत नाही. पुण्यात या संगीताचे श्रोते थोडे असले तरी ते मन लावून ऐकणारे आहेत, म्हणून प्रश्न इथे मांडतो.

ज्यांना हा बँड अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. न्यू जर्सी राज्यात, हडसन नदीच्या काठी, मॅनहॅटनच्या अगदी समोर होबोकेन नावाचे लहान शहर आहे. तिथे १९८४ साली आयरा कॅपलन आणि जॉर्जिया हबली या दोघांनी हा बँड सुरू केला. आयरा गिटार वाजवतात, जॉर्जिया ड्रम वाजवतात आणि दोघे पती-पत्नी आहेत. पहिला अल्बम १९८६ मध्ये आला, मात्र सुरुवातीच्या काळात बेस (खालच्या स्वरांची गिटार) वाजवणारे सतत बदलत राहिले. १९९२ मध्ये जेम्स मॅकन्यू आले आणि तेव्हापासून आजतागायत हे त्रिकूट तसेच आहे. तिघेही गातात, गरज पडेल तसे एकमेकांचे वाद्य हाती घेतात, आणि एकाच अल्बममध्ये कानठळ्या बसवणारी गिटार व जेमतेम ऐकू येणारे गाणे शेजारी शेजारी ठेवतात.

या नव्या अल्बममध्ये नऊ गाणी आहेत. पहिले 'सिनात्रा ड्राइव्ह ब्रेकडाउन' सात मिनिटांहून अधिक चालते. बेसची एक छोटी आकृती सुरू होते, ड्रमचा सरळ, न डगमगणारा ठेका तिला धरून राहतो आणि त्या दोघांच्या वर आयरांची गिटार करकरते, किंचाळते, मध्येच गप्प होते. आवाज इतक्या खालच्या पट्टीत येतात की पहिल्या वेळी ते गाणे आहे की कुणी स्वतःशी बोलत आहे, हे कळत नाही. त्यानंतर येणारे 'फॉलआउट' हे सरळ चालीचे, गुणगुणता येण्याजोगे गाणे आहे, परंतु त्याच्याही अंगावर गिटारचा खरखरीत थर आहे. चौथे 'असेलेस्टीन' जॉर्जिया गातात आणि तिथे सगळा आवाज एकदम निवळतो. 'अनटिल इट हॅपन्स' हे गाणे श्रोत्याला मरणाची तयारी करायला सांगते, आणि तेही आवाज जराही न चढवता. शीर्षकगीतात असे काहीसे म्हटले आहे की हे मूर्ख जग माझा जीव घेत आहे, पण आपल्यापाशी आहे ते एवढेच.

आयरा कॅपलन यांचा जन्म १९५७चा, म्हणजे अल्बम आला तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. विषय काळाचा, वय वाढण्याचा, माफी मागण्याचा, शेवटाचा. असे असताना संगीत थकलेले असायला हवे होते, निदान संथ तरी. प्रत्यक्षात २०१३च्या 'फेड'पेक्षा किंवा २०१८च्या 'देअर्स अ रायट गोइंग ऑन'पेक्षा हा अल्बम मला अधिक मोकळा आणि अधिक धीट वाटतो. 'फेड'वर माझे प्रेम आहे, तो अतिशय नीटस अल्बम आहे. पण 'धिस स्टुपिड वर्ल्ड' ऐकताना तिघे आपल्या समोर बसून वाजवत आहेत आणि पुढच्या क्षणी काय होईल हे त्यांनाही ठाऊक नाही, असा जो प्रत्यय येतो, तो तिथे येत नाही.

यापूर्वी त्यांनी बाहेरच्या जाणकारांची मदत घेतली होती. १९९३च्या 'पेनफुल'पासून अनेक वर्षे रॉजर मौटेनो त्यांचे निर्माते होते, 'फेड'ची निर्मिती जॉन मॅकेन्टायर यांनी केली. या वेळी ध्वनिमुद्रणापासून मिक्सिंगपर्यंत (मुद्रित आवाज तोलून एकत्र करण्यापर्यंत) सारे काही तिघांनीच केले, आणि जवळजवळ प्रत्येक गाण्याच्या मुळाशी तिघांनी एका वेळी केलेले वादन आहे. मला वाटते उत्तर याच्याच आसपास कुठेतरी आहे. परंतु स्वतः ध्वनिमुद्रण करणारे बँड पुष्कळ असतात आणि त्यांचे अल्बम बहुधा पसरट होतात. मग हा का झाला नाही? माझी जुनी ओढ मला फसवत आहे, की संगीतातच काही दाखवता येण्यासारखे आहे?

सदाशिव पेठेतील वाचक यांचे उत्तर

मी मूळची शास्त्रीय संगीताची श्रोती. रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सव होत असे तेव्हापासूनची. यो ला टेंगो माझ्याकडे माझ्या मुलीकडून आला, त्यामुळे माझे ऐकणे तुमच्याइतके जुने नाही. पण पहिल्या गाण्याविषयी मला काही सांगायचे आहे, कारण ते मी पुष्कळ वेळा ऐकले आहे.

एकल तबलावादनात हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा धरतात. एकच सुरावट, एकाच तालाच्या आवर्तनात, न बदलता, पुन्हा पुन्हा. नवख्या श्रोत्याला वाटते की लेहरा धरणाऱ्याला काही काम नाही. जाणकाराला ठाऊक असते की लेहरा जरा जरी हलला तरी तबल्याचा सगळा विस्तार कोसळतो. तबलजी आपल्या मनाप्रमाणे लांब जाऊ शकतो तो केवळ त्या लेहऱ्याच्या भरवशावर. 'सिनात्रा ड्राइव्ह ब्रेकडाउन'मध्ये मॅकन्यू यांचा बेस हे काम करतो. तो सजत नाही, पुढे येत नाही, आणि त्यामुळेच गिटारला वाटेल तितके बेताल होण्याची मुभा मिळते. एकदा गिटार विसरून केवळ बेसकडे लक्ष ठेवून संपूर्ण गाणे ऐकून पाहा. गाणे कुणाच्या आधारावर उभे आहे ते आपोआप कळेल.

साम्य इथे संपते, आणि ते कुठे संपते हेही सांगायला हवे, कारण रॉकमध्ये काही लांबलचक ऐकू आले की आपण लगेच 'रागासारखे' म्हणून मोकळे होतो. तबल्याचा विस्तार समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, तिहाईने, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून, येतो, त्यात हिशेब असतो आणि तो हिशेब जुळला की सभागृहातून दाद उमटते. या गिटारला सम नाही. ती कुठेही परत येत नाही. ती थांबते तेव्हा एखादा मुद्दा सिद्ध झाला असे वाटत नाही, केवळ तिला तेव्हा थांबावेसे वाटले इतकेच. माझ्यासारख्या श्रोत्याला सुरुवातीला हे फार खटकले. समेची सवय लागलेला कान सतत वाट पाहत राहतो. काही काळाने मला वाट न पाहता ऐकता येऊ लागले, आणि मग या गाण्यातला मोठा आनंद मला सापडला: ठेका शेवटपर्यंत पक्का आहे, तरी गाणे कुठे पोहोचणार याची कुणालाच घाई नाही.

तुम्ही विचारता की हा अल्बम पसरट का झाला नाही. माझे उत्तर असे की यात प्रत्येक गाण्यात कुणीतरी एक जण जागचा हलत नाही. पहिल्या गाण्यात तो बेस आहे. शीर्षकगीतात तेच तेच शब्द आणि एकत्र गायलेले आवाज ते काम करतात, म्हणून भोवतालचा गोंगाट कितीही वाढला तरी आपण हरवत नाही. शेवटच्या 'माइल्स अवे'मध्ये जॉर्जिया हबली यांचा स्वर तसा आहे. त्यांचा आवाज मोठा नाही, त्यात हरकती नाहीत, कंप तर जवळजवळ नाहीच. पण स्वर जिथे लावायचा तिथे लावून त्या तो शांतपणे सोडून देतात, आणि मला तो संपूर्ण अल्बममधला सर्वांत धीराचा आवाज वाटतो. नदीकाठचा जो रस्ता पहिल्या गाण्याच्या नावात आहे तो होबोकेनचाच. फ्रँक सिनात्रा यांचा जन्म १९१५ मध्ये त्याच गावी झाला. इतक्या मोठ्या गळ्याच्या गायकाच्या गावी इतके लहान आवाज घेऊन हे लोक ठामपणे उभे राहिले, याचे मला कौतुक वाटते.

कोथरूडचा गिटारवादक यांचे उत्तर

वरच्या उत्तरातील लेहऱ्याचा मुद्दा मला पूर्णपणे पटला. मी त्याला गिटारच्या बाजूने एक जोड देतो.

या अल्बममध्ये गिटारचा जो आवाज ऐकू येतो त्यातला पुष्कळसा भाग फीडबॅकचा आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. तारेचे कंपन तो विजेच्या संदेशात बदलतो, अँप्लिफायर तो संदेश मोठा करून स्पीकरमधून बाहेर काढतो. आवाज पुरेसा मोठा असेल आणि वादक स्पीकरच्या पुरेसा जवळ असेल, तर तोच आवाज तारेला पुन्हा कंपित करतो आणि चक्र सुरू होते. मग स्वर विरत नाही, उलट वाढतो, आणि कधी मूळ स्वर सोडून त्याच्या वरच्या एखाद्या अंशस्वरावर (मूळ स्वरातच दडलेल्या उंच स्वरावर) उडी घेतो. कोणता स्वर वर येईल हे वादक कुठे उभा आहे, गिटार कोणत्या कोनात धरली आहे, खोली केवढी आहे, यांवर ठरते. अर्धे पाऊल मागे सरकले की आवाज बदलतो. म्हणून हे वादन बोटांचे जितके असते तितकेच अख्ख्या शरीराचे आणि त्या खोलीचेही असते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. असा आवाज नंतर वेगळा वाजवून गाण्यावर चढवता येतो, आणि अनेक जण तसे करतातही. पण तिघे एका खोलीत वाजवत असताना फीडबॅक उठला, तर ड्रमवादक तो ऐकून आपला जोर बदलतो, बेसवादक थांबायचे की चालत राहायचे ते त्याच क्षणी ठरवतो. 'धिस स्टुपिड वर्ल्ड'मध्ये हे परस्परांना ऐकणे कानाला स्पष्ट जाणवते. गिटार बेभान होते तेव्हा जॉर्जिया आपला ठेका चढवत नाहीत. कोणताही तरुण ड्रमवादक अशा जागी झांजांवर तुटून पडला असता. त्या मात्र आहे तसाच ठेका चालू ठेवतात आणि तणाव त्यातूनच वाढतो. या संयमाचे एक मूळ १९६०च्या दशकातील व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकी बँडच्या मो टकर यांच्या ड्रमवादनात शोधता येईल. १९९६च्या 'आय शॉट अँडी वॉरहॉल' या चित्रपटात यो ला टेंगोच्या सदस्यांनी पडद्यावर व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचीच भूमिका केली होती, हे अनेकांना ठाऊक नसेल.

आणि ही एकमेकांना ऐकण्याची सवय त्यांनी वर्षानुवर्षे लोकांसमोर वाजवून कमावलेली आहे. २००१ पासून ते होबोकेनच्या मॅक्सवेल्स या ठिकाणी हनुक्का या ज्यू सणाच्या आठही रात्री कार्यक्रम करीत, रोज वेगळी गाणी, रोज वेगळे पाहुणे. २०१३ मध्ये मॅक्सवेल्स बंद झाले, पुढे २०१७ पासून ही प्रथा न्यूयॉर्कच्या बाउरी बॉलरूममध्ये पुन्हा सुरू झाली. डब्ल्यूएफएमयू या श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या रेडिओ केंद्रासाठी ते निधी गोळा करतात तेव्हा वर्गणी देणारा जे गाणे सांगेल ते तिथल्या तिथे वाजवतात, येत असो वा नसो. अशी सवय असलेल्या माणसांना ध्वनिमुद्रणाच्या वेळी चुकण्याची भीती उरत नसावी.

पुण्यात बँडमध्ये वाजवणाऱ्या कुणालाही विचारा. २०१० मध्ये कोरेगाव पार्कात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हापासून या शहरात स्वतःची गाणी करणाऱ्या मुलांना हुरूप आला, आणि गुणवान बँड इथे मी पुष्कळ पाहिले. पण महाविद्यालय संपते, एकाला बंगळुरूला नोकरी लागते, दुसरा परदेशी शिकायला जातो, जॅम रूमचे (तालमीच्या खोलीचे) तासाचे भाडे उरलेल्या दोघांना परवडत नाही. तिघांनी तीस वर्षे एकत्र वाजवले तर काय घडते, हे आम्हाला आमच्याच गावात ऐकायला मिळालेले नाही. या अल्बमची मला एवढी किंमत वाटते ती यामुळे.

बाणेरचा श्रोता यांचे उत्तर

मी या कौतुकात अंशतःच सहभागी होऊ शकतो. माझ्या मते या बँडचा सर्वश्रेष्ठ अल्बम २००० सालचा 'अँड देन नथिंग टर्न्ड इटसेल्फ इनसाइड-आउट' हाच आहे. त्यात 'चेरी चॅपस्टिक' हे एक गाणे वगळता आवाज कुठेही चढत नाही, शेवटचे गाणे सतरा मिनिटांहून अधिक चालते, आणि दीर्घ सहजीवनातले संकोच, रुसवे, पुन्हा जुळवून घेणे हे त्यातल्या शब्दांत इतके नेमके उतरले आहे की त्यापुढे नव्या अल्बममधले शब्द मला विरळ वाटतात. 'ब्रेन केपर्स'मध्ये तर आवाजाची दाटी इतकी आहे की शब्द ऐकूच येत नाहीत. ज्या बँडकडे सांगण्यासारखे इतके आहे त्याने आपले बोलणे गाडून टाकावे, हे मला पटत नाही.

दुसरे असे की २०१८च्या अल्बमवर इथे थोडा अन्याय होतो आहे. त्याचेही ध्वनिमुद्रण त्यांनी घरच्या घरी, मॅकन्यू यांच्या हाताखालीच केले होते. मग स्वावलंबन हे २०२३च्या अल्बमचेच वैशिष्ट्य कसे मानायचे?

नवी पेठ वाचक यांचा उपप्रश्न

चर्चा अतिशय आवडली. मी या बँडचे एकही गाणे ऐकलेले नाही. नव्या अल्बमपासूनच सुरुवात करावी का, आणि पहिल्या गाण्यापासूनच का?

एरंडवण्याचा श्रोता यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. लेहऱ्याचा मुद्दा वाचल्यावर मी पहिले गाणे केवळ बेससाठी ऐकले, आणि इतक्या वर्षांत मॅकन्यू यांच्याविषयी मी एवढे कमी का बोललो असेन, असे वाटून गेले.

बाणेरच्या श्रोत्यांनी घेतलेला आक्षेप महत्त्वाचा आहे आणि त्याला उत्तर देताना मलाच माझा प्रश्न अधिक स्वच्छ दिसू लागला. २०१८चा अल्बम त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित केला हे खरे आहे. परंतु तो तुकड्यांतुकड्यांनी जमवत नेलेला होता, आणि त्याचे मिक्सिंग पुन्हा मॅकेन्टायर यांच्याकडे गेले. त्यामुळे त्यात धुक्यासारखी एक सलगता आली, ती सुंदरही आहे, पण कोण कधी काय वाजवत आहे याला तिथे फारसे महत्त्व उरले नाही. या दोन अल्बमच्या मध्ये २०२०च्या टाळेबंदीत केलेले 'वुई हॅव अम्नेशिया समटाइम्स' आहे, ज्याकडे फार कमी लोकांनी लक्ष दिले. तालमीच्या खोलीत मधोमध एकच मायक्रोफोन ठेवून, एकमेकांपासून अंतर राखून केलेली ती शब्दांविना पाच वादने आहेत. एकच मायक्रोफोन असला की नंतर काही वेगळे काढता किंवा लपवता येत नाही. ज्याचा आवाज जास्त झाला त्याने स्वतःच तो कमी करायचा. मला आता असे वाटते की 'धिस स्टुपिड वर्ल्ड'चा मोकळेपणा तिथून सुरू झाला. कोथरूडच्या मित्रांनी खोलीविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी हे तंतोतंत जुळते.

शब्द गाडले गेल्याच्या तक्रारीविषयी मात्र मी सहमत नाही. 'अपॉलॉजी लेटर' ऐका. माफी मागताना माणसाचे वाक्य कसे वाकडे जाते, आपण अधिकच बिघडवत आहोत हे त्याला बोलता बोलता कसे कळते, हे त्या गाण्यात लख्ख ऐकू येते, कारण तिथे वाद्ये बाजूला झालेली आहेत. आणि पुढच्याच गाण्यात, तुम्हाला न आवडलेल्या 'ब्रेन केपर्स'मध्ये, ती पुन्हा अंगावर येतात. हे दोन एकामागून एक ठेवण्यात मला मोठी समज दिसते. ज्याने आत्ताच इतके उघडे बोलून टाकले आहे त्याला लगेच गोंगाटाचा आडोसा हवा असतो, निदान मला तरी हवा असता. २०००च्या अल्बमचे तुमचे स्थान मी हिरावून घेऊ इच्छित नाही. तो अल्बम ज्या घरात घडतो त्याच घरात, तेवीस वर्षांनी, हा नवा अल्बम घडतो असे मी मानतो, आणि दोन्ही माहीत असण्याचा फायदा जुन्या श्रोत्याला मिळतो. माझ्या जुन्या ओढीविषयीच्या शंकेचे उत्तरही मला यात सापडले: ओढ आहेच, पण ती ऐकण्याच्या आड येत नाही.

नवी पेठ वाचक, तुम्ही 'फॉलआउट'ने सुरुवात करा, मग 'असेलेस्टीन' ऐका. ही दोन गाणी मिळून या बँडची दोन टोके दाखवतात. ती आवडली तर पूर्ण अल्बम पहिल्यापासून, क्रम न बदलता ऐका, कारण 'सिनात्रा ड्राइव्ह ब्रेकडाउन' सुटे ऐकल्यास विनाकारण लांब वाटण्याचा धोका आहे. मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकूच येणार नाही आणि वर सांगितलेले सगळे वाया जाईल, तेव्हा बरे हेडफोन किंवा घरातले स्पीकर वापरा. त्यानंतर १९९७चा 'आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग अ‍ॅज वन' घ्या, त्यातले 'ऑटम स्वेटर' गिटारशिवाय, केवळ ऑर्गन आणि तालवाद्यांवर उभे आहे. मग बाणेरच्या श्रोत्यांचा २०००चा अल्बम ऐका आणि आमच्या दोघांपैकी कुणाचे म्हणणे तुम्हाला पटते, ते इथे जरूर लिहा.